पातूरचं आरमार

"काकू, हे खुशालभाऊचं टोपलं. अन् निरोप हाय, हा डाव संपला का टोपलं बंद. मळ्यात पोरगा संत्रा लावून राहिला. शेवंती समदी उपटली."

एसटीचा कंडक्टर धर्मेंद्र एवढं बोलून गेला. अमरावतीच्या स्टँडबाहेरच्या आपल्या फुलांच्या दुकानात दुर्गाबाईंनी टोपल्यात हात घातला. तळाशी ओल्या फडक्यात चिठ्ठी होती. तिच्यावर एवढंच: पाण्यात. ठ-दहा.

हा खेळ दुर्गाबाई आणि खुशालराव पातूरच्या शाळेत शिकले, आरमारातून निवृत्त झालेल्या ड्रॉइंगच्या मास्तरांकडून. कागदावर दहा बाय दहाची घरं आखायची, एका बाजूला ङ-ञ सोडून क ते ठ, दुसऱ्या बाजूला एक ते दहा; आपली जहाजं गुपचूप मांडायची आणि समोरच्याचं जहाज कुठे असेल ते घर बोलायचं. बसलं तर 'लागलं', नाही तर 'पाण्यात'. टँकरची वाट पाहणाऱ्या त्या मुलखात दोघांनी आरमारं उभी केली. समुद्र काही आजवर दोघांनीही पाहिला नाही.

मग दुर्गाबाई लग्न होऊन अमरावतीला आल्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांच्या गळ्यात पडलं, आणि खुशालराव पातूरहून फुलं पाठवू लागले. पहिल्याच हिवाळ्यात शेवंतीखाली चिठ्ठी निघाली: ग-तीन. रिकाम्या टोपल्यातून उत्तर गेलं, सोबत दुर्गाबाईंचंही एक घर. एकेक डाव वर्ष-वर्ष चाले. फोन दोघांकडे होते. पण फोनवर बोलायचं काय, हा प्रश्न होता. टोपल्यात तो नव्हता.

"शंभर वर्सं जुना खेळ हाय म्हनते हा," सून दीपमालानं एकदा हार ओवता ओवता मोबाइलात पाहून सांगितलं होतं. "पयले लढाईतले शिपाई कागदावर खेळत. मंग कंपनीनं प्लास्टिकचा डबा काढला. आता मोबाइलातच येते, आई."

"मोबाइलात किती येळ चालते?"

"दहा मिनिटं."

"मंग कायचा खेळ थो."

खुशालरावांचं शेवटचं जहाज कुठे आहे, हे दुर्गाबाईंना दिवाळीआधीच उमगलं होतं. त्या तिकडे फिरकतच नव्हत्या. खुशालरावांनी मात्र त्यांचा सगळा कागद पिंजून काढला होता. उरलं होतं एकच घर, ठ-दहा. आणि दुर्गाबाईंची उरलेली एकुलती एक होडी तिथेच होती.

समोरच्याचा कागद दिसत नाही, म्हणून खोटं बोलायचं नाही, हा या खेळाचा एकच कायदा. इतक्या वर्षांत दुर्गाबाईंनी तो मोडला नव्हता. पण त्यांना टोपलं हवं होतं. फुलांना बाजारात तोटा नव्हता, त्यांना पातूरहून येणारं टोपलंच हवं होतं.

त्यांनी लिहिलं, 'पाण्यात'. खाली आपलं एक फुसकं घर टाकलं.

दीपमाला मागून पाहत होती. "आई, होडी तं तिथंच हाय तुमची."

"हाय."

"दुसरं घरच उरलं नाई. त्यायले कळन ना."

"कळू दे."

दोन दिवस धर्मेंद्रची गाडी नुसतीच आली. दुर्गाबाई दीपमालावर उगाचच खेकसल्या, हाराची गाठ सैल पडली म्हणून. खोटं बोलून आपण होतं तेही घालवलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी टोपलं आलं. शेवंती नव्हती. अंगणातल्या झाडाची असावीत अशी चार-सहा जास्वंदं होती, वाटेत मिटून गेलेली. दुकानात विकायला ती काही उपयोगाची नव्हती. खाली चिठ्ठी. दुर्गाबाईंच्या फुसक्या घराला 'पाण्यात', आणि पुढे:

ठ-दहा.

"विसरले वाटते," दीपमाला म्हणाली. "हे घर तं मांगंच मारलं होतं."

"एक घर त्यानं दोनदा कधीच नाई मारलं," दुर्गाबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा लिहिलं, 'पाण्यात'. फडकं भिजवून पिळलं, चिठ्ठी त्यात गुंडाळली आणि गाडी सुटायला अवकाश असतानाच रिकामं टोपलं दोन्ही हातांनी धरून स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या.