डोक्यावरचा हात

रामकलीने गमछ्याची घडी नवऱ्याच्या डाव्या काखेत खोचली आणि दोन पावलं मागे सरकली.

"आता मारा. गमछा पडला नाही पायजे."

मोहनलालने काठी मागे नेली, खांदे वळवले आणि झपकन पुढे आणली. गमछा पडला नाही. पण चेंडूही हलला नाही. काठी त्याला वरच्यावर वारा घालून निघून गेली.

"गमछा तं रायला," रामकली म्हणाली.

"चेंडूबी रायला," मोहनलाल म्हणाला आणि मुकाट्याने पुन्हा पाय रोवून उभा राहिला.

धानाची मळणी आटोपल्यापासून मोहनलाल बिसेनच्या खळ्यावर रोज सकाळी हेच चालले होते. तिरोड्याकडच्या त्या गावात गोल्फ हा शब्द फक्त एकाच घरात ऐकू येई. मोहनलाल फौजेत असताना एका छावणीतल्या गोल्फच्या मैदानाचे गवत राखायचे काम त्याच्याकडे होते. गवत राखता राखता कर्नलसाहेबांनी एकदा गमतीत त्याच्या हाती काठी दिली आणि त्याचा चेंडू साहेबांच्या पुढे जाऊन पडला. तेव्हापासून तो पलटणीतर्फे खेळू लागला. हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला तरी दर हिवाळ्यात नागपूरकडच्या छावणीत पलटणीची जुनी माणसे जमत, एक सामना खेळत, आणि मोहनलाल तिथून परतला की महिनाभर त्याचा पाय जमिनीला लागत नसे.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्याच्या डाव्या अंगावरून वारे गेले. चालणे परत आले, बोलणे परत आले, डावा हात मात्र लग्नात मानपान न मिळालेल्या पाहुण्यासारखा रुसूनच बसला. त्या वर्षीचा सामना गेला. यंदाचे बोलावणे आले तेव्हा मोहनलालने बायकोला एवढेच सांगितले, की जाईन, पहिला फटका मारीन. चेंडू उडाला तर ठीक, नाही तर काठ्या तिथेच कुणाला तरी देऊन येईन आणि पुन्हा नाव काढणार नाही.

रामकलीला गोल्फचे काही सोयरसुतक नव्हते. पण हा माणूस आख्खा पावसाळा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेला तिने पाहिला होता. काठ्या गेल्या तर तो पुन्हा त्या भिंतीकडे वळेल आणि मग त्याला उठवायला काही उरणार नाही, हे तिला पक्के कळत होते. म्हणून ती चूल सोडून खळ्यावर उभी राहत होती.

शिकवणाऱ्यांची काही वाण नव्हती. हैदराबादेत नोकरी करणारी मुलगी रुचि फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायची. तिने मनगटाला बांधायचे एक प्लास्टिकचे यंत्र पार्सलने पाठवले होते. मनगट चुकले की ते टक् करून वाजायचे. ते इतके वाजू लागले की कोंबड्या दाणे टिपायच्या थांबल्या. मग रुचिने सांगितले, पप्पा, तुम्ही पिंपात उभे आहात असे डोळ्यांपुढे आणा आणि पिंपाला न लागता वळा. मोहनलालने पिंपाऐवजी धानाची ढोली डोळ्यांपुढे आणली. बांबूच्या ढोलीत लहानपणी तो शिरलेला होता, तिचा खरखरीत स्पर्श त्याला ठाऊक होता. कंबर लागलीच सरळ वळू लागली. धानाचे तणस भरलेल्या पोत्यावर फटके मारून मारून हातांतही थोडा जीव आला. सगळे जुळत आले होते. एक डोके तेवढे राहिले होते.

काठी चेंडूला लागायच्या आधीच मोहनलालचे डोके वर उठायचे. चेंडू गेला की नाही हे पाहायची त्याला एवढी घाई, की चेंडू बिचारा जायचाच राहून जायचा. आजारी पडण्याआधी असे कधी झाले नव्हते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत.

"डोस्क्यावर पान्याचा गुंड हाय असं समजा," रामकली म्हणाली. "गुंड असला का मान हालत नाही."

मोहनलालने डोळे मिटून पाहिले. "नाही येत मनात."

"काऊन?"

"मी कधी पानी आनलं?"

"तेच तं," रामकली म्हणाली, आणि दोघेही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होते.

हसण्याचा आवाज ऐकून श्यामलाल आले. मोहनलालचे थोरले भाऊ, घरातले कर्ते, तोंडाचे फटकळ. ते दिसताच रामकलीने पदर पुढे ओढला. तीस वर्षे एका अंगणात राहूनही ती थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलली नव्हती. रीतच तशी होती.

"काय करून राहिला बे मोहन? साठीत पोट्टेपना शोभते का?" श्यामलाल म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता धानाच्या बांधीकडे चालू पडले.

त्यांची पाठ वळल्यावर मोहनलाल बायकोकडे वळला. "तू डोस्कं धर. वरून हात ठेव. उचललं का दाबजो."

रामकली मागे सरली. "नवऱ्याच्या डोस्क्यावर हात? पाप लागन मले."

"कायले लागते पाप?"

"मोठ्यानं लहानाच्या डोस्क्यावर ठेवाचा हात असते. बायकोनं पाय धराचे."

पाय धरून गोल्फ येत नाही, हे तिला समजावून सांगण्यात सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच तोड काढली. गमछ्याची चौपदरी घडी करून नवऱ्याच्या टाळूवर ठेवली, नागऱ्याच्या महादेवाकडे तोंड करून क्षणभर डोळे मिटले आणि घडीवर हात टेकला. मधे कापड आहे, म्हणजे शिवणे नाही, असा तिचा हिशेब. महादेवाने तो मान्य केला असावा, कारण पहिलाच चेंडू धसकटांवरून सणसणत बांधाच्या पलीकडे गेला.

हात होता तोवर चेंडू उडत राहिले. हात काढला की पालथ्या घड्यावर पाणी. सामन्याचा दिवस आला तरी तेच.

"तिथं कोन ठेवन हात?" घरातून निघताना मोहनलाल म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मनात ठेवजा," रामकली म्हणाली. "ढोली नेता ना मनात, तसा हातबी न्या."

छावणीच्या मैदानावर पलटणीची जुनी मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. मोहनलाल लंगडत चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीपाशी गेला तेव्हा गप्पा आपसूक थांबल्या. ती शांतता त्याला नको होती. त्याने चेंडू खुंटीवर ठेवला, पाय रोवले, भोवती ढोली उभी केली. मग टाळूवरची गमछ्याची घडी आठवू लागला. ती येईना. मान आपोआप उचलली जाणार, एवढ्यात कपाळावर हात आला. उघडा, गार हात. कानाच्या पाळीला बांगडी टेकलेली. तो हात नुसता ठेवलेला होता, दाबत नव्हता, पण त्याच्याखालून हलावेसे वाटत नव्हते. मोहनलालने काठी फिरवली.

टाळ्या वाजल्या तेव्हाही तो खाली गवताकडेच पाहत होता. चेंडू कुठे गेला ते त्याला दुसऱ्यांनी सांगितले.

पुढचा खेळ यथातथाच झाला. त्याचे त्याला काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊनच अंगणात आला, आणि पिशवी पाहूनच रामकलीला सगळे कळले. ती आत जाऊन चहा ठेवू लागली. डोळे पुसायला चुलीचा धूर कामी आला.

श्यामलाल ओट्यावर बसले होते. मोहनलालने चहा पिता पिता त्यांना फटक्याची हकीकत सांगितली आणि दाराशी उभ्या रामकलीकडे पाहिले.

"एक समजलं नाही. तू तं गमछ्यावरून हात ठेवत होती, टाळूवर. तिथं मले हात लागला तो इथं." त्याने कपाळाला बोट लावले. "उघडा हात. कानापाशी बांगडी. तो हात कोनता?"

रामकली रिकाम्या कपबशा गोळा करू लागली. पदर भुवयांपर्यंत आला होता.

"असन काहीतरी मनातलं," ती पुटपुटली.

श्यामलाल खाकरले. बशी खाली ठेवली.

"दवाखान्यातला हाय तो," ते म्हणाले. "तुले शुद्ध नोती. डॉक्टर म्हने, सांगता येत नाही. ही खाटेपाशी उभी, हात तुया कपारावर. मी काचेतून पायलं. पायजा तवा हात तिथंच. नर्सबाई म्हने, बसा थोडं, तं ही म्हने, हात उचलला तं जातीन ते."

मोहनलाल भावाकडे वळला. "तुमी कधी सांगितलं नाही, दादा."

"काय सांगाचं? रीत मोडली म्हनून सांगाचं?" श्यामलाल त्याच्यावर खेकसले, पण आवाज भलतीकडेच फुटला. "तू वाचला ना बे!"

ते उठले. जोडे पायात सरकवताना समोरच्या तुळशीकडे पाहत म्हणाले, "रुचीच्या मायले सांग, चहा चांगला झाला होता." आणि अंगण ओलांडून मागे न पाहता बांधीकडे निघून गेले.

रामकली कपबशा घेऊन तशीच उभी होती. मोहनलाल ओट्यावरून उतरून तिच्या पुढ्यातल्या पायरीवर बसला. कृतज्ञतेचे शब्द त्या घरात कुणी कुणाला म्हणत नसे, त्यालाही ते येत नव्हते. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

रामकलीने कपबशा बाजूला ठेवल्या. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले.