उखर्डूची झोळी

मी उखर्डूची झोळी. त्याआधी सुमनची होते, आणि त्याच्याही आधी बुधवारा आळीतल्या सोजरबाईचं नऊवारी लुगडं. आता पत्र्याच्या पेटीत घडी होऊन पडले आहे. दिवसा मी नुसतं कापड असते. पण रात्री शेजारीपाजारी कुठे तान्हं बाळ रडलं, की माझ्या घड्या जाग्या होतात.

माझा जन्म इथलाच, बुऱ्हाणपूरच्या हातमागावरचा. जांभळा रंग, लाल काठ. सोजरबाई मला नेसून इतवाऱ्यात बाजाराला जायची. कनवटीला तिची एक पितळी डबी कायम खोचलेली असे. डबीत अफूच्या बारीक गोळ्या. तरुणपणी ती कापसाच्या जिनात कामाला होती. तिथल्या बाया तान्ह्यांना गोळी चाटवायच्या, कोपऱ्यात निजवायच्या आणि कामाला लागायच्या. पुढे जिन सुटलं, नवरा गेला, डबी मात्र सुटली नाही. आता गोळी तिच्या गुडघ्यांसाठी होती. तिचा कडवट वास माझ्या काठात असा मुरला, की तापीच्या पाण्यानंही तो गेला नाही.

धुऊन धुऊन मी मऊ पडले, तेव्हा माझी झोळी झाली. आजीच्या लुगड्यात निजलेल्या बाळाला आजीचं आयुष्य लागतं, असं आमच्याकडे मानतात. सोजरबाईचा मुलगा मधुकर कचेरीत कारकून. त्याची बायको कमल मॅट्रिक झालेली, सासूला उलट प्रश्न विचारणारी. त्यांची पहिली मुलगी सुमन. मधुकरनं मला तुळईला टांगलं आणि सुमन माझ्या पोटाशी आली.

सुमन गोड होती, पण रात्रीची किरकिरायची. एका रात्री ती रडलीच नाही. कित्येक दिवसांनी घर गाढ झोपलं. मी तेवढी जागी होते. माझ्यातली ऊब थोडी थोडी कमी होत गेली, आणि हाक मारायला मला तोंड नव्हतं.

सकाळी कमल किंचाळली. मग आया-बाया जमल्या. "नजर लागली वं पोरीले," असं ठरलं. मोठ्या माणसांचं मला हेच कळत नाही. कारण शोधायचा त्यांना कंटाळा. एखादा शब्द सापडला, की सगळे डोळे पुसून घरी जातात.

सुमनला नेलं, पण तिचं वजन माझ्यातून गेलं नाही.

पुढे मुलगा झाला. तो जगावा म्हणून सोजरबाईनं त्याला गावाबाहेर उकिरड्यावर नेऊन लोळवलं आणि नाव ठेवलं उखर्डू. नाव घाण असलं की मृत्यू तोंड फिरवतो म्हणे. अशा मुलाला नवं काही द्यायचं नाही. अंगडी मागून आणलेली, आणि झोळी जुनीच. मीच.

कमल सासूला म्हणाली, "आत्याबाई, या झोळीत नको. मला भीती वाटते."

"पुस्तकं वाचून भीती वाटते का तुले? जुनंच पाहिजे. माझं ऐक."

उखर्डू रात्रभर उठायचा. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा टाहो. कमल त्याला पाजायची, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायची, भिंतीला टेकून उभ्याउभ्याच पेंगायची. शेजारची मथुराबाई दारातून सांगून गेली, "सुमन येते रात्री. तिची जागा आहे ना ती. भावाले उठवते अन् म्हणते, सरक."

कमल तोंडावर हसली. पण त्या रात्री वारा नसताना मी हलले, तेव्हा तिनं माझ्या काठावर हात ठेवला आणि पुटपुटली, "सुमन, झोपू दे गं त्याला. मला पण."

मी कशानं हलले? उखर्डूनं पाय झाडला असेल. पण त्याच्याशेजारी आणखी एक वजन होतं, हे मी कुणाला सांगू? आणि मला वाटायचं, ती त्याला उठवत असेल तर उठवू दे. न उठण्याचं काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्याच हिवाळ्यात आपल्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. कचेरीतलं काम हिंदीत सुरू झालं. मधुकर घरी कागद आणून कंदिलाशी बसायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. एके दिवशी साहेब सगळ्यांसमोर त्याला बोलले. घरी येऊन त्यानं टोपी भिरकावली. "या घरात रात्री कुणी झोपू देत नाही. नौकरी गेली तर खाणार काय? चुप करा रे त्याला, कसंही!"

"तुमचाच मुलगा आहे," कमल म्हणाली. "एक रात्र तुम्ही घ्या खांद्यावर."

त्यानं पुन्हा कागद पुढे ओढले.  संध्याकाळी कमल विहिरीवर गेली, तेव्हा सोजरबाई माझ्यापाशी आली. कनवटीची डबी निघाली. दुधाच्या थेंबात गोळी विरघळली, आणि तिचं बोट उखर्डूच्या जिभेवर टेकलं. बोट प्रेमानंच टेकलं होतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच मला जास्त भय वाटलं.

तो झोपला. घर झोपलं. माझ्यातलं ते दुसरं वजन मात्र कुठेतरी निघून गेल्यासारखं झालं. आणि ऊब पुन्हा तशीच कमी होऊ लागली.

कमलला जाग आली ती शांततेनं. तिनं हात घातला. पोराचे हातपाय चिंधीसारखे लोंबत होते. तिनं त्याचं तोंड हुंगलं, मग माझा काठ हुंगला.

"हाच वास होता," ती म्हणाली. "सुमनच्या तोंडाला हाच वास होता! आत्याबाई, काय दिलंत?"

सोजरबाई उठून बसली. "ओरडू नको. जराशी गोळी दिली. सगळेच देतात. माझी चार पोरं निजवली मी अशी."

"आणि उठली किती?"

सोजरबाईची नजर वर गेली. समोर मधुकर उभा होता. चौघांतला तो एकटाच उरला होता. 

"बघत काय उभे आहात? डॉक्टरला आणा!" कमल नवऱ्यावर ओरडली, तसा तो अनवाणी लालबागेतल्या डॉक्टरकडे पळाला. तिनं उखर्डूच्या तोंडावर पाणी मारलं, तळपायांना टिचक्या मारल्या, त्याला हलवत घरभर फिरली. "रड रे. रड म्हणते ना! सगळी आळी उठव." डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली आणि सांगितलं, याचा डोळा लागू देऊ नका. पहाटेपर्यंत तिचा हात थांबला नाही.

मग उखर्डू रडला. आधी मांजराच्या पिल्लासारखा, मग नेहमीसारखा घर डोक्यावर घेऊन. मधुकर खाली बसला आणि त्याच्याबरोबर रडू लागला.

कमलनं डबी चुलीत टाकली. मग मला तुळईवरून सोडू लागली, तेव्हा सोजरबाईनं दोन्ही हातांनी मला धरून ठेवलं. कमलनं तिच्याकडे पाहिलं आणि दोर तसाच राहू दिला. उखर्डू आईच्या कुशीत झोपू लागला. मी रिकामी लटकत राहिले.

रिकामी झोळी हलवत नाहीत. पोराला वाईट असतं, हे सोजरबाईनंच सगळ्यांना शिकवलेलं. आणि आता तीच रात्री उठून माझ्यापाशी बसायची आणि मला झोके द्यायची. एक झोका, मग दुसरा. ओठात नावं असायची. सुमनचं, आणि तिच्याआधी गेलेल्या स्वतःच्या तिघांची. इतकी वर्षं नजरेवर ढकललेली ती लेकरं आता एकेक करून माझ्यात येऊन बसत होती. दोर कुरकुरायचा. घरातलं कुणीच झोपायचं नाही.

एका रात्री कमल उठून आली. काखेत उखर्डू, टक्क जागा. मला वाटलं, आता ही म्हातारीला बोलून घेईल. तो तिचा हक्कच होता.

ती म्हणाली, "रिकामी हलवू नका, आत्याबाई."

"मग काय करू वं? झोप येत नाही मले."

"यालाही येत नाही. घ्या. मी जराशी पडते. पण रडला तर रडू द्या. मला हाक मारा."

सोजरबाईचे हात पुढे येईनात. कमलनं पोराला तिच्या मांडीवर ठेवलं आणि ती खरंच आत जाऊन झोपली. उखर्डूनं आजीच्या केसांत हात घातला, ते ओढले आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. सोजरबाई त्याला छातीशी धरून म्हणाली, "हां राजा. असंच. जागा राहा."

त्या रात्रीनंतर मला खाली उतरवलं. गोधडीसाठी मला फाडायला सोजरबाईनं कधीच दिलं नाही. आता ती नाही, उखर्डू मोठा झाला आहे, आणि त्याच नावानं हाक मारली तर तो ओ देतो.

पेटी उघडणाऱ्या बाई, तू कोण असशील ते मला माहीत नाही. मला झोळी करू नकोस. माझ्यात आता जागा नाही. आणि तुझं बाळ रात्री रडत असेल, तर शिव्या देत का होईना, ऊठ. घरातल्या दुसऱ्या कुणालाही उठव. जे रडतंय, ते अजून तुझ्यापाशी आहे.