बुधवारचा मंगळवार

मित्रांनो, मी एक जुना बुधवार आहे. भिंतीवरचा नव्हे, मोबाइलमधला. मढच्या सुगंधाबाईंच्या मासळीच्या अ‍ॅपमध्ये माझा जन्म झाला. ते अ‍ॅप त्यांच्या लेकीने, हेमांगीने केले होते. बोरिवलीच्या शुभाकाकूंनी नातू येणार म्हणून सुरमई मागवली, बुधवारवर बोट ठेवले आणि मी साठवला गेलो. अ‍ॅपवरची ती पहिलीच मागणी.

साठवताना आम्हा तारखांना ग्रीनिचच्या घड्याळात बसवतात. ते मुंबईच्या साडेपाच तास मागे. इथे रात्री बाराला बुधवार लागतो, तेव्हा तिथे मंगळवारची संध्याकाळ असते, साडेसहाची. यात माझे काही बिघडत नाही. बाहेर काढताना पुन्हा मुंबईची वेळ लावली की झाले. नेमके तेवढेच राहून गेले, आणि सुगंधाबाईंच्या मोबाइलवर मी मंगळवार होऊन उभा राहिलो.

तो मंगळवार अंगारकीचा! आज कोण मासे मागवेल, असे त्यांच्या मनात आलेही. पण लेकीने केलेले अ‍ॅप चुकेल कसे? टोपली घेऊन त्या काकूंच्या दारात गेल्या. आत मोदकांची तयारी चालली होती.

“अगं सुगंधा, आज अंगारकी! इतकी वर्षं येतेस, वार कळत नाही तुला?”

सुगंधाबाई मान खाली घालून परतल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

घरी हेमांगी आणि तिचा सहकारी अल्पेश काम करत बसले होते. सुगंधाबाईंनी मोबाइल पुढे धरला. “बघ गो, मंगळवारच लिवलंय.”

“सोपं आहे यार,” अल्पेश म्हणाला. “साठवलेली तारीखच एक दिवस पुढे ढकल.”

मी खरा होतो, आणि हा मला आतूनच खोटा करायला निघाला होता!

“थांब रे. आधी आत काय आहे ते बघू ना.” हेमांगीने मला उघडले. “साडेसहा, ग्रीनिच. म्हणजे आपले रात्रीचे बारा. अरे, हा बुधवारच आहे! दाखवताना आपली वेळ लावायचीच राहिली.”

तिने ती लावली. पडद्यावर बुधवार आला. मग तिने काकूंना फोन केला.

“काकू, वार आईचा नाही, माझा चुकला.”

“अगंबाई! आणि मी तिला नको ते बोलले. उद्या तिलाच पाठव हं. मला तिची माफी मागायची आहे.”

मित्रांनो, माझा दिवस केव्हाच उलटला. पण एक सांगतो. तारीख चुकलेली दिसली, तर ती बदलण्याआधी आत काय साठवले आहे ते बघा. आणि माणूस चुकलेला दिसला, तर त्याला बोलण्याआधी तेवढेच करा.