गव्हावर ठेवलेली आई

"सासूबाई गेल्या, तरी कोठार त्यांच्याच ताब्यात," टीआ पुटपुटली. "कोंबड्यांना दाणे काढायचे तरी त्यांची परवानगी घ्यायची."

सोल्वेगने ऐकलं आणि कॉफी ढवळत राहिली. भावजयीचं खोटं नव्हतं. डकोटाची गोठलेली जमीन जानेवारीत मेलेलं माणूस पोटात घेत नाही. म्हणून आईची शवपेटी बर्फ उतरेपर्यंत कोठारात, गव्हावर ठेवलेली. आता एप्रिल लागला होता. शेताच्या कडेला, स्वतःच्या गेलेल्या दोन तान्ह्यांशेजारी निजवा, एवढंच आईने मागितलं होतं. सोल्वेग त्याचसाठी शहरातून आली होती.

"जमीन अजून कडक आहे, ताई," धाकटा तोरगेर बशीत बघत म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघू." आणि लगेच, "आठवतं? मातीचं घर, आई माळावरून पोतंभर शेण वेचून आणायची, त्याच्यावर पाव भाजायची."

"आणि पाद्री आले की म्हणायची, वास बैलाचा आहे, पाव खा मुकाट!" टीआ हसली. जरा जास्तच हसली.

सकाळपासून हेच. खड्ड्याचं नाव निघालं की दोघं आईची एखादी आठवण पुढे करत.

सोल्वेगने दारामागची पहार उचलली. आई दर वसंतात तान्ह्यांच्या कबरींपाशी ही पहार सोडून बघायची. हातभर गेली, की "उठली बाई एकदाची," असं जमिनीला म्हणत बटाट्याचं बियाणं आणायला वळायची. या माळावर राहून, राबून तिने ही जमीन सरकारकडून मिळवली होती. म्हातारपणी तोरगेरच्या नावावर करून दिली होती.

सोल्वेगने कबरींपाशी जाऊन पहार सोडली. गपकन हातभर आत गेली.

"ही कडक?"

मागून आलेला तोरगेर टोपी चुरगाळत उभा राहिला. "खाली असेल."

"फावडं आण."

तो हलला नाही. कबरींना लागून नव्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, लाल चिंध्या बांधलेल्या.

"ह्या कसल्या रे?"

"पेरणीच्या."

"पेरणीला खुंट्या? आईने कधी ठोकल्या होत्या?"

टीआ ॲप्रनला हात पुसत आली, नवऱ्याकडे बघत राहिली.

"बोला की. की अजून निजवून ठेवणार आहात त्यांना गव्हावर?" टीआ त्याला म्हणाली.

तो बुटांकडे बघत होता. मग तीच सोल्वेगकडे वळली.

"वन्सं, ह्या मोजणीच्या खुंट्या; जमीन विकली आम्ही. नाताळातच. सासूबाई चुलीपाशी ह्यांचेच मोजे विणत बसल्या होत्या तेव्हा."