रेस कोणी वाढवली?

दातांच्या डॉक्टरीणबाई गॅरेजच्या दारात गाडीतून उतरल्या, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. रोज परक्यांच्या तोंडात सुई खुपसणारी बाई ती. तिचेच हात थरथरताना बघून बारक्या हातातलं काम टाकून पुढे झाला.

"मी नुसता क्लचवरून पाय उचलला हो," त्या म्हणाल्या. "ॲक्सिलरेटरला स्पर्शही केला नव्हता. आणि गाडी पळाली! दवाखान्याचं फाटक आडवं झालं. शेजारची चिमुरडी तिथेच खेळत होती. चेंडूमागे धावली म्हणून वाचली."

ही गाडी काल संध्याकाळी याच गॅरेजातून गेली होती.

बारक्या म्हणजे काही पोरगेला माणूस नव्हे. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, घरी चष्मा लावून पेपर वाचणारा गृहस्थ. पण थोरला भाऊ डोक्यावर असला की धाकट्याचं वय वाढत नाही. दादाने लहानपणी बारक्या म्हटलं, गिऱ्हाइकांनी तेच उचललं, आणि आता बायकोसुद्धा चारचौघांत जीभ चावून ते नाव आवरते.

गाडी जागच्या जागी उभी राहून गुरगुरत होती. रेस वाढली होती, म्हणजे पाय न लावताही इंजिन नको तितकं जोरात फिरत होतं. अशी गाडी गिअरमध्ये टाकली की मालकाला न विचारता चालू लागते. बारक्याने बॉनेट उघडलं. चोक अडकलाय का? नाही, सताड उघडा होता. ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेलीय का? बोटाने दाबून बघितली, हवी तेवढी सैल होती. एखाद्या पाइपाला चीर पडून हवा आत जातेय का? सांध्यांवर स्प्रे मारून बघितला. चीर असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता, पण ते एका सुरात गुरगुरत राहिलं. उरला एक स्क्रू. उभ्या गाडीचं इंजिन किती फिरायचं ते हा एवढासा स्क्रू ठरवतो. काल बारक्याने इंजिनाचे फेरे मोजणारा मीटर लावून तो स्वतः बसवला होता, आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. गेल्या काही दिवसांत शाळामास्तरांची आणि फुलवाल्याची गाडी अशीच परत आली होती, म्हणून ही खबरदारी.

ठिपका पार उलट्या बाजूला गेला होता.

बारक्या बघतच राहिला. गाडी बिघडलेली नव्हती. कोणीतरी स्क्रू आत फिरवला होता. गॅरेजात माणसं दोन, एक तो आणि दुसरा दादा. हिशेब सोपा होता, पण मन तो मांडायला तयार होईना.

डॉक्टरीणबाई रिक्षाने गेल्या आणि बारक्या रिकाम्या टायरवर बसला. महिन्यापूर्वीची दुपार त्याला आठवली. हमरस्त्यावर नवं गॅरेज काढायचं, यंत्रं आणायची, हे त्याच्या मनात कधीचं घोळत होतं. दादा यंत्रांना खेळणी म्हणायचा. त्या दुपारी बारक्याचा तोल गेला आणि तो ओरडला, "मला वेगळं व्हायचंय, दादा! मी जागा बघितलीय!" दादा खाली मान घालून प्लग पुसत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "तो दहाचा पाना दे."

बस. एवढंच. तेव्हापासून मागून हाक मारली तर दादा ओ देत नसे. जेवताना काही विचारलं तर घास गिळत राही. दादाने बोलणं टाकलं, असं बारक्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पण सूड म्हणून चालू गाड्या बिघडवायच्या? धाकट्याचं नाक कापण्यासाठी? आज एखादं पोर चिरडलं असतं! सख्खा भाऊ इतका खाली उतरेल हे त्याला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. ठिपका मात्र समोर होता.

त्याने स्क्रू पुन्हा जागेवर आणला आणि मीटर तसाच जोडून ठेवला. आज मुद्देमालासकट पकडायचं.

दादा वरच्या घरातून जेवून खाली आला. डॉक्टरीणबाईंची गाडी बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "परत आली? सुरू कर, ऐकू दे."

बारक्याने गाडी सुरू केली. दादाची एक पद्धत होती. गाडीला हात लावायचा नाही. दोन पावलं मागे उभं राहायचं, डोळे मिटायचे, मान किंचित कलती करायची. त्या वेळी गॅरेजात कोणी खोकायचं नाही. लांबलांबून लोक आपल्या जुन्या गाड्या घेऊन यायचे ते त्या कानासाठी, आणि आजवर तो कान कधी चुकला नव्हता. मीटरचा काटा अगदी जागेवर होता. दादा मात्र पुढे झाला. "रेस पडलीय. बंद पडेल सिग्नलला." त्याने स्क्रू फिरवला. काटा चढला.

"दादा, बरोबर होती ती!"

दादाने छोटा पेचकस खिशात टाकला.

"दादा!"

दादा मागे सरकून पुन्हा डोळे मिटून उभा. बारक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सोक्षमोक्ष लावायचाच. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि दार ढकलून एक पाय बाहेर टाकला.

"फार खाली गेली," दादा म्हणाला.

बारक्या तसाच थांबला. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. समोर टायरवाल्याचा हातोडा वाजत होता. बाकी काही आवाज नव्हता.

"थोडी चढव," दादा मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. "हं. चढव अजून."

गाडी बंद होती. चावी बारक्याच्या हातात होती.

मघाचा एवढा मोठा राग, तो कुठे ठेवावा हेच त्याला कळेना. तो मुकाट्याने आत बसला, गाडी सुरू केली आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. काटा चढत गेला, बराच चढला, तेव्हा कुठे दादाचा चेहरा खुलला. "हां! आता कशी बोलतेय बघ!" सकाळी दवाखान्याच्या फाटकावर गेली तेव्हा गाडी नेमकी एवढीच फिरत असणार.

मागचा सगळा महिना बारक्याच्या डोळ्यांसमोर उलटा फिरला. न दिलेली ओ, जेवतानाचा अबोला. अरे, या माणसाने बोलणं टाकलं नव्हतं. आणि त्या धक्क्यातच एक हावरट सुटकेचा श्वास त्याच्या तोंडून निघाला. म्हणजे त्या दुपारचंही दादाच्या कानावर गेलंच नसणार! ते वाक्य गिळून टाकता येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याने गाडी बंद केली आणि तो दादाच्या समोर जाऊन उभा राहिला. दादाने डोळे उघडले. बारक्याचा चेहरा बघितला, मग त्याच्या हातातली चावी.

"कधी बंद केलीस?"

"मघाशी. तू चढव म्हणालास त्याच्या आधी."

दादा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. बारक्याला तेच पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. ऐकून दादा मटकन टायरवर बसला.

"वर्ष झालं," तो म्हणाला. "आधी एक कान गेला. म्हटलं, दुसऱ्यावर निभेल. आता तोही चाललाय. तुझ्या वहिनीला माहीत आहे. मीच तिला गप्प बसवलं."

"दादा, या गाडीने आज फाटक पाडलं," बारक्या मोठ्याने म्हणाला. "तिथे एक मुलगी होती. लागलं नाही तिला."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आपल्या हातांकडे बघितलं. मग त्याने खिशातला छोटा पेचकस काढला आणि बारक्याच्या हातात दिला. तो पेचकस त्याने आजवर कोणाला उसनाही दिला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?" बारक्या ओरडला. त्याचा आवाज फाटला.

"तू जागा बघितलीयेस ना," दादा म्हणाला.

"ते तू... ऐकलं होतंस?"

"तेवढंच नीट ऐकू आलं. किती ओरडलास!" दादा कसंनुसं हसला. "कानांचं सांगितलं असतं, तर तू थांबला असतास."

"मग नुसता पाना मागितलास तो?"

"दुसरं काय मागणार होतो?"

हळू बोलायची आता सोय नव्हती. जे बोलायचं ते गल्लीला ऐकू जाईल असंच बोलावं लागणार होतं.

"मी कुठ्ठे जात नाही!" तो ओरडला.

समोरचा हातोडा थांबला. टायरवाला मान लांब करून बघू लागला. आणि दादाने, वर्षभर चोरून ठेवलेली गोष्ट उघड्यावर मांडावी तसा, उजव्या कानामागे हात धरला.

"काय म्हणालास?"

खरंच ऐकू आलं नव्हतं, की पुन्हा ऐकायचं होतं, ते बारक्याला कळलं नाही. त्याने पुन्हा ओरडून सांगितलं.