नऊ जातींचा हंडा

"आरं द्येवा, ह्योबी बाबुश्काच!" स्पासोयेनं मासा होडीत आपटला. सकाळपासनं सत्तावीस मासे घावले, आणि सगळे एकाच जातीचे. मातकट, चपटे, गाळात लोळणारे बाबुश्के.

उद्या त्याच्या नेवेनाचं लग्न. तिसा नदीकाठच्या या गावात लग्नाच्या हंड्यात नऊ जातींचे मासे लागत, तेही नवरीच्या बापानं आपल्या हातानं धरलेले. एक जात कमी पडली तर वरमाय लग्न मोडून उठायला मोकळी. आणि वरमाय कोण, तर देसांका! धिप्पाड बाई, बोलायला लागली की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायची.

ती काठावर पोट धरून हसत होती. "घाला इवाई, अजून बारीक भोकाचं जाळं घाला! धा वर्सं पान्यात बॅटरीचा करंट सोडलासा, पिलासकट समदं मासं उपसलंसा. आता ह्यो येकच निगरगट्ट उरलाय, तुमच्यावानी!"

"हसा हसा! माझ्या पोरीचं लगीन मोडतंय, त्ये न्हाई दिसत?" स्पासोये होडीतनं ओरडला.

"म्हून तर आलीया. ती बॅटरी फेका काठावर आन् बसा माझ्या होडीत."

नदीचं एक वळण देसांकानं वल्हं उगारून राखलं होतं. तिथं करंट नाही, बारीक जाळं नाही. तिनं त्याच्या हातात लाकडी बुच्का दिली. ती पाण्यात नीट मारली की 'बुळुक' असा आवाज निघतो, अन् तळाशी दडलेला मिशाळ सोम मासा चिडून वर येतो. स्पासोयेनं मारली की निघायचा नुसता फवारा, तो थेट इहीणबाईच्या तोंडावर.

"सोमाला बोलवायचंय, मला न्हाऊ न्हाई घालायचं!"

अखेर बुळुक झालं, सोम आला. मग गळाला दोन, रुंद भोकाच्या जाळ्यात चार. दुपारपर्यंत बाबुश्का धरून टोपलीत आठ जाती! स्पासोये होडीतच नाचला, टोपी नदीत गेली, तिचंही भान नाही.

देसांकानं काठाशी बुडवून ठेवलेल्या वेताच्या पिंजऱ्यात नववी निघाली. टोकदार नाकाची केचिगा! बारा वर्षांत दिसली नव्हती. त्यानं तिच्या नाकाचा मुकाच घेतला. "नऊ! नेवेना, नऊ झालं गं!"

मग त्यानं ती वितीला लावून पाहिली. केचिगा जेमतेम वीतभर होती. पिल्लूच.

"माझ्या वळनात पिल्लू माघारी जातं," देसांका म्हणाली. "पर हंडा तुमचा. मी बोलत न्हाई."

स्पासोयेनं माशाला, नदीला, सगळ्या संतांना अन् इहीणबाईला शिव्या हासडल्या. मग पाण्यात हात घालून मूठ सोडली. "ग्येलं पोरीचं लगीन!" म्हणत तो ढसाढसा रडला.

"आवो, कुठं ग्येलं? आठ जाती हंड्यात, नववी नदीत, झाल्या की नऊ. माझ्या व्हनाऱ्या नातीच्या लग्नाला तिच्या बापाला ती लागंल की न्हाई?"

स्पासोये हुंदका गिळून तिला मिठी मारायला ताडकन उठला. होडी कलली, टोपली घसरली.

"बसा, इवाई, बसा खाली! आठाचं सात कराल!"