एकशे तेरावा कप

"गावोगावचे कप आले माझ्या दारी..."

कपाट पुसताना आई गुणगुणायची. काचेआडून आवाज यायचा तो जरा घुमून, गोड होऊन. बाहेर बाबा पेपर खाली ठेवून ऐकत बसायचे.

लिफ्टदुरुस्तीच्या कामाला बाबा गावोगाव जात आणि जातील तिथून आईसाठी एक कप आणत. असे एकशे बारा झाले. एकातूनही कधी कुणी चहा प्यायलं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी ते मी पुसते.

या रविवारी दादाने घरकामाची नवी वाटणी कागदावर मांडली. लादी त्याची, कपडे बाबांचे, स्वयंपाक आम्हा दोघांचा आलटून पालटून.

"आणि कपाट?"

"ते तुझंच की गं, चिमणे. तुझा हात हलका."

"सहा दिवस प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुते मी, दादा. सातव्या दिवशीही काचच?"

"बरं बाई, मी पुसतो. मागे एकदा हात लावला तर दोन कपांचे कान तोडले, आता तिसऱ्याचा तोडतो."

"त्यापेक्षा पाच ठेवू आणि बाकीचे देऊन टाकू. धुळीला बसायला तरी कमी जागा."

बाबा हातातल्या शर्टाची घडी अर्धवट टाकून उठले. "तिचा जीव होता त्यांत," एवढंच म्हणाले. मग आतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले, जरा लाजतच. निळ्या फुलांचा कप.

"काल बाजारात दिसला. तिला आवडला असता."

मी हातातलं फडकं पिळत राहिले. कोरडंच होतं ते.

कपाटात जागा नव्हती. बाबांनी दोन कप सरकवून नवा मधे बसवला आणि हळूच गुणगुणले, "गावोगावचे कप आले माझ्या दारी... पुढची ओळ काय होती गं? तुला कितीदा विचारलं."

जितक्यांदा विचारलं, तितक्यांदा मी "विसरले" म्हटलं होतं. पुढची ओळ आई कपाटात तोंड घालून म्हणायची, अगदी खालच्या सुरात. तिचं स्टूल धरून उभ्या असलेल्या मलाच फक्त ती ऐकू यायची. "बाबांना सांगू नकोस हं," म्हणायची, आणि पुढचा कप उचलायची.

"बाबा, विसरले नव्हते मी."

"मग म्हण की!" त्यांचा चेहरा उजळला. दादाही कागदावरून मान वर करून बघू लागला.

मी फडकं खाली ठेवलं.

"पुसता पुसता बाई, सरली उमर सारी."